सासूबाईंना चालत नाही

गिरणीवाल्या मावशी दुसऱ्याचं बोलणं सांगायच्या ते त्या दुसऱ्याच्याच आवाजात. ती नक्कल नव्हती. नक्कल करणारा चेहरा वाकडा करतो, हसवायला बघतो. मावशींचा चेहरा हलायचाच नाही. पापण्यांपासून पायाच्या बोटांपर्यंत पीठ बसलेलं, त्यात मिश्रीने काळं पडलेलं तोंड तेवढं उघडायचं आणि त्यातून समोरच्या घरातली बाई बोलायची. पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मी मागे वळून पाहिलं होतं. मागे कुणी नव्हतं.

मी या गोष्टींना घाबरणारी बाई नाही. पाटबंधारे खात्यात नोकरी केली, दोन बदल्या झेलल्या, सासूचं आजारपण काढलं. तरीही मावशींच्या गिरणीत डबा ठेवून आले की मी लांब ढांगा टाकत घरी यायची, हे खरं आहे.

नांदेडला आमची गल्ली गुरुद्वाऱ्यापासून चालत दहा मिनिटांवर. नवऱ्याला रेल्वेच्या ऑफिसात नोकरी, म्हणून तिथे घर घेतलं. समोर कौरबाई, त्यांच्या वर शबानाभाभी, कोपऱ्यावर देगलूरकडचं एक तेलुगू कुटुंब, आमच्या भिंतीला भिंत लागून सिस्टर. सिस्टर हदगावच्या, बौद्ध घरातल्या, एका खासगी दवाखान्यात नर्स. त्यांचं नाव गल्लीत कुणी घेत नसे. सगळ्यांच्या त्या सिस्टरच. मी निलंगा तालुक्यातल्या शेतकऱ्याच्या घरची. गावात आमच्या आळीत सगळे आमचेच. बाकीचे ओढ्यापलीकडे. माझ्या मनात कुणाबद्दल काही नव्हतं, असं मी बरीच वर्षं सांगत आले. खरं म्हणजे माझ्या मनात कुणी नव्हतंच. माणसं शेजारी राहायला आली तेव्हा मला त्यांचे वास, त्यांचे सण, त्यांची भांडी दिसायला लागली. तोवर मला कुणाचं काही खटकायचं कारणच पडलं नव्हतं.

मावशींची गिरणी गल्लीच्या तोंडाशी, पत्र्याच्या शेडमध्ये. नवरा वारल्यावर त्यांनी ती एकटीने चालवली. माहेर तेलंगणाच्या हद्दीकडचं, त्यामुळे तेलुगू येत होतं. निजामाच्या वेळचं उर्दू सासऱ्याकडून आलेलं. पंजाबी त्या ऐकून शिकल्या. सकाळी बायका डबे ठेवून जायच्या, संध्याकाळी पीठ घेऊन जायच्या. कुठल्याही डब्यावर नाव नव्हतं. मावशी झाकण उघडून धान्यात हात घालायच्या आणि घर ओळखायच्या. "ही शबानाची. गव्हात मेथीचा दाणा असतोय तिच्या." तिसऱ्या खेपेपासून माझाही डबा त्यांनी असाच ओळखला. "निलंगेवाल्या, तुमची जवारी काळ्या रानातली हाय. वास जात न्हाई तिचा."

आता गिरणीत एक गोष्ट असते, ती बायकांना सांगायला नको. एकाचं दळण संपलं तरी दगडात मूठ-दोन मूठ पीठ उरतं, आणि ते पुढच्याच्या डब्यात जातं. उपवासाची भगर दळायची असली की आपण विचारतोच, आधी काय दळलंत? आमच्या गल्लीत मात्र हा प्रश्न नुसता धान्याचा राहिला नव्हता. काय दळलं याच्याऐवजी कुणाचं दळलं, असं बायका हळू आवाजात विचारायच्या. डबा खाली ठेवता ठेवता, पदर सावरता सावरता मावशींच्या कानाशी वाकायच्या आणि एक वाक्य बोलायच्या.

मावशी मला ती वाक्यं ऐकवायच्या. कुणाबद्दल म्हटलं ते मात्र गाळून. रविवारची दुपार असायची, लाइट गेलेली, दगड थांबलेले. त्या गोणपाटावर बसायच्या आणि त्यांच्या तोंडून कौरबाई बोलायच्या, "हमको कुछ नहीं जी, घर में बीजी नहीं मानते." बीजी म्हणजे त्यांच्या सासूबाई. मग जरा थांबून शबानाभाभी, नाकातल्या त्या बारीक आवाजात, "मेरे को क्या है मौसी, सास को चलता नहीं." मग कोपऱ्यावरची तेलुगू बाई, "नाकेमी लेदु, मा अत्तकि पडदु." मला काही नाही, सासूबाईंना पटत नाही.

"बघा," मावशी शेवटी स्वतःच्या आवाजात म्हणायच्या, "एवढ्या बायका येतेत, एकीला कुणाचं काई न्हाई. सगळं त्या सासवांनाच. आन एक सासू आजवर गिरणीत आलेली म्या बघितली न्हाई."

मी मनापासून हसायची. कारण माझं वाक्य त्यांनी मला कधी ऐकवलं नव्हतं.

माझं वाक्य असं होतं. नांदेडला आल्याच्या पहिल्याच वर्षी, नवरात्राच्या आधी, मी डबा ठेवला आणि म्हणाले, "मावशी, सिस्टरच्या डब्यानंतर लगेच आमचं लावू नका. मला काही नाही हो, सासूबाईंना चालत नाही."

मावशींनी मान हलवली. "हाव. ध्यानात ठिवते."

हे मी कुणाला, नवऱ्यालाही, सांगितलं नाही. सांगण्यासारखं होतं तरी काय? सिस्टरचं आणि माझं उत्तम चाललं होतं. त्यांच्या मुलाला गणित मी शिकवलं, माझ्या मुलीचा टायफॉइड त्यांनी काढला. कुकरची रिंग, पाहुणे आले की खुर्च्या, सगळं इकडून तिकडे जायचं. सासूबाईंना साखरेचा आजार होता. दुपारी मी ऑफिसात असायची, तेव्हा सिस्टर रात्रपाळीची झोप मोडून येऊन त्यांना इन्शुलिन टोचून जायच्या. रोज. पाच वर्षं. त्याबद्दल मी त्यांना दिवाळीला साडी द्यायची आणि आपण किती मोकळ्या मनाचे आहोत असं मला वाटायचं.

मावशींचं आणखी एक होतं, ते गल्लीला आवडत नसे. घरात माणूस कमी होणार असलं की त्यांना आधी कळायचं. एकदा त्यांनी माझ्या डब्यात हात घातला, धान्य खालवर केलं आणि म्हणाल्या, "पुढच्या खेपेला बारका डबा आणा." मी चिडले. "का हो? आम्ही जेवायचं सोडलंय का?" त्यांनी डब्याचं झाकण लावलं. त्याच आठवड्यात सासूबाई गेल्या. मी यात चमत्कार मानत नाही. म्हातारीचं जेवण दोन महिने कमी होत होतं, दळण लांबत होतं, मावशींना ते माझ्याआधी दिसलं इतकंच. पण त्यानंतर गल्लीतल्या बायकांप्रमाणे मीही डबा ठेवला की मावशींच्या तोंडाकडे न बघता परतायला लागले.

सासूबाईंना जाऊन दोन वर्षं झाली असतील. मी भाकरीची ज्वारी घेऊन गेले, तर मावशींनी गिरणी बंद केली. पट्टा फिरत फिरत थांबला.

"म्हातारीचं अजून चालू हाय का?"

"काय चालू आहे?"

"सिस्टरबाईच्या मागं नगं म्हणलेलं. काढू का आता?"

मी डब्याचं झाकण उगाच घट्ट केलं. सरळ उत्तर होतं, काढा. पण मी म्हणाले, "राहू द्या आता. घडी बसलीय."

"राहू द्या," मावशी माझ्याच आवाजात म्हणाल्या. मग स्वतःच्या आवाजात, "हाव. हितं लई मेलेल्यांचं चालू हाय. त्येंची सासू जाऊन धा वर्सं झाली, ह्येंची बीजी मागच्या साली गेली. कुणी काढाया येत न्हाई. जित्या मानसापरीस मेलेल्यांचीच रांग मोठी हाय माझ्याकडं." आणि त्यांनी गिरणी चालू केली.

माझी मुलगी तेव्हा कॉलेजात होती. वादविवाद स्पर्धेला विषय आला होता, वेगवेगळ्या समाजांत राहिल्याने पूर्वग्रह कमी होतात की वाढतात. तिने कमी होतात अशी बाजू घेतली आणि आमच्या गल्लीचं उदाहरण द्यायचं ठरवलं. ईदचा शीरखुर्मा, लंगर, सिस्टरच्या घरची चौदा एप्रिलची खीर, सगळं तिने लिहून काढलं. मावशींचं एखादं वाक्य हवं म्हणून गिरणीत गेली. मी बरोबर होते. मनातून टरकलेली.

"आजी, सोबत राहिलं की माणसाच्या मनातलं कमी होतं ना?"

मावशी चाळणी आपटत होत्या. "व्हतंय की. पर आधी वाढतंय. लांब होती तवर कोण कुणाच्या मागं दळतंय ह्याची कुणाला पडली नव्हती. जवळ आली, तवा डबे बघाया लागली."

"मग कमी कधी होतं?"

"त्ये तुज्या आईला इचार."

मुलगी माझ्याकडे बघून हसली. तिला वाटलं, म्हातारी थट्टा करतेय. मी म्हटलं, चल, उशीर होतोय. स्पर्धेत तिचा दुसरा नंबर आला.

मग मावशींचं डोकं हललं. सुरुवातीला डबे चुकायला लागले, मग दिवस. देगलूरहून पुतण्या आला, त्याने गिरणी ताब्यात घेतली. मावशींची बाज त्याने शेडच्या मागच्या खोलीत टाकली, पण दार गिरणीतच उघडायचं. त्या दिवसभर बाजेवर बसून राहायच्या. पीठ आता अंगावर पडत नव्हतं, तरी चेहऱ्याचा रंग तोच. आणि तोंड आपोआप उघडायचं. पूर्वी त्या आवाज ऐकवायच्या ते आपल्या मर्जीने, नाव गाळून. आता नावासकट यायचं. पुतण्या दळत असायचा आणि मागून एखादी जिवंत, ठणठणीत बाई आपल्या सासूच्या नावाने दुसरीबद्दल बोलायची. जिच्याबद्दल बोलणं चालायचं ती कधीकधी तिथेच पिशवी घेऊन उभी असायची.

गल्ली दोन महिन्यांत रिकामी झाली. म्हणजे माणसं होती तिथेच होती, गिरणीची पायरी कुणी चढेना. कौरबाईंनी पिठाच्या पिशव्या आणायला सुरुवात केली. शबानाभाभी म्हणाल्या, दगडाची कचकच लागते. गल्लीच्या ग्रुपवर कुणीतरी घरगुती चक्कीची जाहिरात टाकली, तिला एका तासात अकरा अंगठे आले. गणपतीत, लग्नात बायका एकमेकींशी फार गोड बोलायला लागल्या. समोरची काय ऐकून आलीय हे कुणालाच ठाऊक नव्हतं.

मीही स्टेशनकडच्या गिरणीत जायला लागले. सिस्टर मात्र मावशींकडे रोज जात होत्या. रक्तदाब बघायचा, गोळ्या द्यायच्या, अंग पुसायचं. त्या गिरणीतून परत आल्या की मी खिडकीतून त्यांचा चेहरा वाचायची. आज कळलं का? आज? नोकरीत चौकश्या पाहिल्या, पण अशी टांगती भीती मी कधी अनुभवली नव्हती. सिस्टर आपल्या नेहमीसारख्या. "वहिनी, कोथिंबीर जास्त आणलीय, घ्या." मी कोथिंबीर घ्यायची आणि रात्रभर हिशेब करायची की ही कळलेल्या माणसाची कोथिंबीर आहे की न कळलेल्या.

शेवटी मी ठरवलं की जाऊन बघायचं. एका दुपारी अर्धी रजा टाकून गिरणीत गेले. पुतण्या जेवायला गेला होता. गिरणी बंद होती आणि ती इतकी शांत मी कधी ऐकली नव्हती. मागच्या खोलीत सिस्टर खाली बसून मावशींचे पाय कोमट पाण्यात धूत होत्या.

"या वहिनी," त्या म्हणाल्या. वर पाहिलं नाही.

मावशींनी माझ्याकडे पाहिलं. ओळख नव्हती त्या डोळ्यांत. मग तोंड उघडलं आणि मी बोलले. माझाच आवाज. वीस वर्षांपूर्वीचा, नवी नवरी नसले तरी नव्या गावातली मी. बोलण्याआधी घसा खाकरायची माझी सवय, तीसुद्धा. "मावशी, सिस्टरच्या डब्यानंतर लगेच आमचं लावू नका. मला काही नाही हो, सासूबाईंना चालत नाही."

सिस्टरनी दुसरा पाय पाण्यात घेतला. "तुमचं साधारण तीनच्या सुमाराला येतं," त्या म्हणाल्या. "आज लवकर आलं."

"कधीपासून?"

"झाले की चार महिने."

चार महिने. कोथिंबीर, कढीपत्ता, मागच्या आठवड्यात माझ्या नवऱ्याचा ईसीजी. मी तेच बोलले जे सोपं होतं. "सिस्टर, जुन्या वळणाच्या होत्या हो सासूबाई. तुम्हाला ठाऊक आहे."

आता त्यांनी वर पाहिलं. राग नव्हता चेहऱ्यावर. दवाखान्यात रिपोर्ट हातात देताना असतो तसा चेहरा.

"वहिनी, इन्शुलिन टोचल्यावर अर्ध्या तासात जेवावं लागतं. तुम्ही ठेवलेली पोळी गार झालेली असायची. आजींना ती गिळत नव्हती. पाच वर्षं त्या माझ्या घरची गरम भाकरी खात होत्या. मी घरून थापून न्यायची. आधी मीच बिचकले. म्हटलं, आजी, चालेल ना? तर म्हणाल्या, मला काही नाही गं. फक्त सूनबाईला सांगू नको, तिला चालत नाही."

मी भिंतीला हात लावला. हाताला पीठ लागलं.

घरी येऊन मी स्वयंपाक केला, भांडी घासली, दुसऱ्या दिवशीचे कपडे काढून ठेवले. रडले वगैरे नाही. सासूबाईंच्या फोटोकडे मात्र दोनदा बघितलं. त्या बाईला मी पाच वर्षं हयातीत आणि त्यानंतर इतकी वर्षं मेल्यावर माझ्या तोंडासमोर धरलं होतं. आणि त्या माझ्यापासून लपवून शेजारची भाकरी खात होत्या. जिला चालत नाही अशी घरात एकच बाई होती.

दुसऱ्या दिवशी पुन्हा रजा टाकून त्याच वेळेला गेले. सिस्टर मावशींची नखं काढत होत्या. मी दारातूनच म्हणाले. बसले असते तर जमलं नसतं.

"सिस्टर, सासूबाईंना काही नव्हतं. मलाच होतं."

नेलकटर दोनदा वाजलं.

"होतं? की आहे?"

खोटं बोलायचा मोह झाला. पण त्या खोलीत बोललेलं पुढे कुठल्या आवाजात ऐकावं लागेल याचा भरवसा नव्हता. "थोडं असेल अजून," मी म्हणाले. "किती ते मला सांगता येत नाही. पण आता ते मी कुणाच्या नावावर टाकणार नाही."

सिस्टरनी नेलकटर बाजूला ठेवलं. मग बाजेवर सरकून त्यांनी मला जागा केली. "बसा. तो हात धरा घट्ट, नखं काढताना ओढतात त्या."

मी हात धरला. हलका, कोरडा, रिकाम्या पिशवीसारखा. जरा वेळाने मला राहवलं नाही. "आणि तुम्ही? तुम्ही कधी काही सांगितलं नव्हतं का मावशींना?"

"मी पण याच गल्लीत राहते, वहिनी," सिस्टर म्हणाल्या आणि पुढचं बोट धरलं.

त्या दिवसानंतर मावशींच्या तोंडून माझा आवाज आला नाही. मी रजा टाकून रोज जात होते, तीन वाजता मुद्दाम बसून राहायची. बाकीचे आवाज येत होते. कौरबाई, शबानाभाभी, कोपऱ्यावरची तेलुगू बाई, गल्ली सोडून गेलेल्या, मरून गेलेल्याही. माझा आला नाही. मेंदूच्या आजारात असं कशाने होतं ते मी डॉक्टरांना विचारलं. त्यांनी खांदे उडवले. सिस्टरचा आवाज मी असताना कधीच आला नाही. आणि मी नसताना काय होतं, ते सिस्टरना ठाऊक.

मावशी पंधरा दिवसांत गेल्या. सकाळी, नेहमी मोटर सुरू करायच्या त्या वेळेला. सिस्टरनी मला भिंतीवर थाप मारून बोलावलं. पुतण्याने गल्लीत कळवलं आणि कितीतरी महिन्यांनी त्या शेडमध्ये सगळ्या बायका जमल्या. कुणी रडलं नाही. कुणी जवळही आलं नाही. सगळ्या पत्र्याला पाठ लावून उभ्या होत्या आणि मावशींच्या अर्धवट उघड्या तोंडाकडे बघत होत्या. पुतण्याने पळीने पाणी घातलं तेव्हा ते घशाशी जरा वाजलं, तर कौरबाईंनी शेजारणीचा हात घट्ट धरला. ती शेजारीण शबानाभाभी होती.

मग सिस्टर पुढे झाल्या. हनुवटीखाली तळवा लावला आणि तोंड मिटलं. ते नर्सचंच काम असतं, शरीर ताठण्याआधी करावं लागतं. मी हनुवटी बांधायची पट्टी घेऊन शेजारी उभी होते. तोंड मिटलं होतं. तरी सिस्टरनी हात काढला नाही. मी पट्टी पुढे केली, त्यांना दिसली नाही. दोन-तीन मिनिटं त्या तशाच दाबून उभ्या होत्या, बोटांची टोकं पांढरी होईपर्यंत.

मी पट्टी खाली ठेवली. त्यांच्या हातावर माझा हात ठेवला आणि तसाच राहू दिला.